कोरियन गाणी बंद नकोत, त्यांचा क्रम बदल

प्रिय ताई-दादा,
मी २३ वर्षांची, नाशिकची. सध्या नोकरी शोधतेय. दोन वर्षांचं नातं मार्चमध्ये संपलं. भांडण नाही, फसवणूक नाही. तो बंगळुरूला गेला, बोलणं आटत गेलं आणि शेवटी त्यानेच "थांबू या" म्हटलं. आमची ओळख के-पॉपच्या, म्हणजे कोरियन पॉपच्या, चाहत्यांच्या एका ग्रुपवर झाली, त्यामुळे आमची सगळी गाणी कोरियन. आता रोज रात्री साडेअकराला हेडफोन लावते आणि ७४ गाण्यांची ब्रेकअप प्लेलिस्ट शफलवर टाकते. दीड-दोनशिवाय झोप लागत नाही. ‘आईज, नोज, लिप्स’ लागलं की तेच पुन्हा पुन्हा. ‘स्प्रिंग डे’ हे आमचं गाणं. ते ऐकवत नाही आणि यादीतून काढवतही नाही. मैत्रिणी म्हणतात ही गाणी बंद कर. आई म्हणते, शब्द कळत नाहीत तर रडतेस कशाला? कधी कधी त्याला एखाद्या गाण्याची लिंक पाठवावीशी वाटते. त्याने दिलेली फोटोकार्डं (अल्बमसोबत मिळणारी गायकांच्या फोटोंची छोटी कार्डं) विकून टाकू का? आणि गाणी खरंच बंद करू का?
– तुमची एक वाचक

प्रिय मैत्रिणी,

गाणी बंद करू नकोस. मैत्रिणी काळजीपोटी बोलतात, पण दोष गाण्यांचा नाही. तुझ्या पत्रात तीन गोष्टी खटकतात: शफल, एकच गाणं पुन्हा पुन्हा लावणं आणि रात्री साडेअकराची वेळ. या तिन्ही बदलता येतात आणि त्यासाठी आवडतं काही सोडावं लागत नाही.

आधी शफलचं बघू. कोरियन ब्रेकअप गाणी एका साच्यातली नसतात. ऐकताना एकच प्रश्न विचारायचा: गाणारा माणूस नात्याच्या शेवटापासून किती अंतरावर उभा आहे? काही गाण्यांत तो अजून दारातच उभा असतो, ती व्यक्ती गेली हे त्याला पटलेलंच नसतं. काहींत तो चिडलेला, हिशेब मागणारा असतो. काहींत सुन्न होऊन परिस्थिती नीट बघत असतो. आणि थोड्या गाण्यांत तो पुरेसा पुढे जाऊन मागे वळून बघतो. ७४ गाणी शफलवर टाकली की दर चार मिनिटांनी तुला यातल्या एका टोकावरून दुसऱ्या टोकावर फेकलं जातं. जरा सावरलीस की पुढचं गाणं परत दारात नेऊन उभं करतं.

‘आईज, नोज, लिप्स’ हे दारातलं गाणं आहे. बिगबँग या ग्रुपमधल्या तेयांगचं, जून २०१४ चं. पियानो, मोकळा आवाज, फारशी सजावट नाही. तो तिच्या चेहऱ्याचा एकेक भाग आठवतो, स्वतःच्या हट्टीपणाबद्दल पस्तावतो आणि गाणं संपतं तेव्हाही तिथेच असतो. एकदा ऐकलं तर मन मोकळं होतं. सलग सहादा ऐकलं तर तू सहादा तिथेच पोचतेस, कारण त्या गाण्यात पुढे जायला वाटच ठेवलेली नाही. गाणं म्हणून हा त्याचा मोठेपणा आहे, पण रिपीटवर लावायला म्हणूनच ते सगळ्यात वाईट.

आता यादी. ७४ गाण्यांची प्लेलिस्ट पुसू नकोस, तिचं नाव बदलून ती बाजूला ठेव. नवी यादी दहा गाण्यांची कर, साधारण पाऊण तासाची, खालच्या क्रमाने.

सुरुवात एपिक हायच्या ‘अंब्रेला’पासून. २००८ चं गाणं, त्यात मधला आवाज युन्हाचा. पाऊस, छत्री आणि शेजारची रिकामी जागा. हे पूर्णपणे दारातलं गाणं आहे. त्यानंतर एकदाच ‘आईज, नोज, लिप्स’. या दोन गाण्यांत पोटभर रडून घे. त्यासाठीच ती सुरुवातीला ठेवली आहेत.

मग २०१७ ची एक जोडी, जी कायम जोडीनेच ऐकायची. युन जोंग-शिनचं ‘लाइक इट’ जूनमध्ये आलं तेव्हा फार गवगवा झाला नाही, पण ऐकणाऱ्यांनी एकमेकांना सांगत सांगत ते दोन महिन्यांत कोरियात पहिल्या क्रमांकावर नेलं. त्यात प्रेयसीने सोडून दिलेला पुरुष विचारतो, नवं माणूस बरं आहे ना? तिनं सुखी व्हावं असं तो म्हणतो, पण त्याआधी त्याच्या दुःखाचा दहावा हिस्सा तरी तिला भोगायला लागावा अशी त्याची इच्छा आहे. नोव्हेंबरमध्ये मिनसो या गायिकेच्या आवाजात त्याच चालीवर तिच्या बाजूचं उत्तर आलं, ‘येस’. तीही रडली होती, पण आता ती खरंच बरी आहे आणि आपण पुरेसं प्रेम केलं होतं असं ती म्हणते. एकच चाल दोन तोंडून लागोपाठ ऐकली की कळतं, आपल्या डोक्यात रोज रात्री जे चालतं ती एकच बाजू असते. तुझ्या बाबतीत कोण कुठल्या बाजूला, हे ठरवत बसू नकोस. नुसतं ऐक.

पाचवं सेव्हन्टीनचं ‘डोन्ट वॉना क्राय’, मे २०१७. इथे पहिल्यांदा ठेका पाय हलवतो. शब्द रडू दाबणाऱ्याचे आणि खाली इलेक्ट्रॉनिक नाचाचा ताल. कोरियन पॉपमध्ये दुःखी शब्दांना चालता ठेका देण्याची ही रीत फार कामाची आहे, कारण मन तयार नसलं तरी पाय पुढे पडतात.

सहावं बीस्टचं ‘१२:३०’, २०१४. साडेबाराला घड्याळाचे काटे एकमेकांकडे पाठ करून असतात, एवढ्या एका चित्रावर अख्खं गाणं उभं आहे. त्यात आरोप नाही आणि विनवणीही नाही. दोघं विरुद्ध दिशांना आहेत, इतकंच. तुझं नातं जसं संपलं, हळूहळू, कुणाच्याही मोठ्या चुकीशिवाय, त्याला या यादीतलं सगळ्यात जवळचं गाणं आम्हाला हेच वाटतं.

सातवं जी-आयडलचं ‘ह्वा’, जानेवारी २०२१. बर्फ, आग, फूल आणि हा हिवाळा मी वितळवणारच, असा निर्धार. नेमकं अशा जागी बऱ्याच जणी तेयॉनचं ‘टू एक्स’ घालतात. २०२३ चं ते गाणं उत्तम आहे, पण ते आहे जोडीदार आपल्याला ताब्यात ठेवत होता हे उमगून बाहेर पडणाऱ्या बाईचं. तुझ्या पत्रात तसं काहीच नाही. ते गाणं लावून त्याला मनातल्या मनात खलनायक केलंस तर दोन दिवस हलकं वाटेल आणि तिसऱ्या दिवशी आपण खोटं बोलतोय हे तुलाच टोचेल. ते ज्यांचं आहे त्यांच्यासाठी राहू दे.

शेवटची तीन गाणी हा या यादीचा गाभा. आयकॉनचं ‘लव्ह सिनॅरिओ’, जानेवारी २०१८: आपण प्रेम केलं, ते संपलं, आठवण राहिली, शेवटही बरा झाला. इतकी सोपी, गुणगुणती चाल की कोरियात शाळकरी पोरं ते गात सुटली होती. ब्रेकअपचं गाणं पहिली-दुसरीतल्या मुलांच्या तोंडी बसावं, यावरूनच त्यातली कटुता किती कमी आहे ते कळतं. मग डे सिक्सचं ‘यू वेअर ब्यूटिफुल’, फेब्रुवारी २०१७. यात गाणारा स्वच्छ सांगतो की आठवण आली म्हणजे परत सुरू करू या असं नाही. राहिलेली आठवण वर आली, एवढंच. हे वाक्य येईल तिकडे लक्ष ठेव. रात्री एक वाजता जे तुला "मला तो परत हवाय" असं वाटतं, ते बहुतेक वेळा याच जातीचं असतं.

आणि शेवट ‘इव्हेंट होरायझन’. मार्च २०२२. गायिका पुन्हा युन्हा, पहिल्या गाण्यात रिकाम्या छत्रीखाली गाणारी तीच. कृष्णविवराभोवतीच्या ज्या सीमेपलीकडून काहीही परत येत नाही, तिला घटना क्षितिज म्हणतात. युन्हाने स्वतः लिहिलेल्या या गाण्यात निरोप त्या सीमेवर घेतला जातो, तोही वेगवान बँडच्या साथीत, जवळजवळ सणाच्या सुरात. हे गाणंही लगेच चाललं नाही. महाविद्यालयांच्या महोत्सवांतून पसरत पसरत ते त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं. २००८ आणि २०२२ च्या त्या दोन गाण्यांतला आवाज जरूर ताडून बघ. ओळखू येतो आणि तरी केवढा वेगळा झालाय!

एकेएमयूचं ते लांबलचक नावाचं २०१९ चं गाणं, ‘हाऊ कॅन आय लव्ह द हार्टब्रेक, यू आर द वन आय लव्ह’, तुझ्या ७४ मध्ये नक्की असणार. ते आम्ही मुद्दाम वगळलंय. निरोप अजून झालेला नाही, तो शक्यच कसा आहे, असं ते विचारतं आणि इतक्या सुंदर रीतीने विचारतं की ताज्या जखमेवर उत्तर सुचत नाही. वर्षभराने ऐक.

यादी वापरायची कशी? दिवसातून एकदा, संध्याकाळी सहा ते आठच्या दरम्यान, चालताना. पाऊण तास म्हणजे साध्या चालीने तीनेक किलोमीटर होतात. अंथरुणात पडून, दिवे बंद करून, हेडफोनवर ऐकलं की आवाज अगदी कानाशी येतो. बॅलडचं, म्हणजे संथ, भावुक गाण्याचं, रेकॉर्डिंग तसंच असतं, गायकाचा श्वाससुद्धा ऐकू येतो आणि त्या अंधारात मनाला दुसरं काही उरत नाही. चालताना तेच गाणं ऐकलं तर रस्ता, कुत्री, रिक्षा, समोरून येणारी माणसं सगळं मध्ये येतं. ते येऊ दे. रस्त्यावर एकच इयरबड लाव. साडेनऊनंतर यातलं एकही गाणं नको. झोपताना काही हवंच असेल तर शब्द नसलेलं लाव.

दर रविवारी वरचं एक गाणं काढून टाक. शेवटच्या तिघांना हात लावायचा नाही. ‘लाइक इट’ आणि ‘येस’ एकाच रविवारी काढ. सहाव्या रविवारी ती तीन गाणीच उरतील, सुमारे बारा-तेरा मिनिटांची. तोवर तुला स्वतःहून यादीबाहेरचं काही ऐकावंसं वाटू लागलेलं असेल. लागलं तर ऐक, यादी पूर्ण करायचा हट्ट नको.

यात नेहमी काय बिघडतं तेही सांगतो. पहिल्या आठवड्यात शेवटची गाणी खोटी वाटतात आणि बोट आपोआप मागच्या गाण्याकडे जातं. खोटी वाटू देत, पण वाजू देत. त्यातलं काही मानलंच पाहिजे असं नाही. दुसरं, कव्हर, म्हणजे तेच गाणं दुसऱ्यांनी गायलेलं. ‘आईज, नोज, लिप्स’ची इतकी कव्हर आहेत की मूळ गाणं काढलं तरी ते दुसऱ्या आवाजात परत शिरतं. कव्हर हेही तेच गाणं धरायचं. तिसरं, ॲप. शफल आणि रिपीट बंद कर, शिवाय सेटिंग्जमध्ये ऑटोप्ले बंद कर. नाहीतर दहावं गाणं संपताच ॲप स्वतःच्या मनाने अकरावं लावतं आणि ते बहुधा दारातलंच असतं. स्पॉटिफायवर जुन्या ७४ च्या प्लेलिस्टच्या तीन ठिपक्यांत ती टेस्ट प्रोफाइलमधून (तुझ्या आवडीनिवडींच्या नोंदीतून) वगळायचा पर्याय आहे, तो वापर. यूट्यूबवर वॉच हिस्टरी काही आठवडे थांबवून ठेव. चार महिने तू त्याला जे शिकवलंस तेच ते तुला दाखवतंय.

पावसाचं वेगळं सांगायला हवं. कोरियातही जूनअखेर ते जुलै असा पावसाचा हंगाम असतो, त्याला तिथे चांगमा म्हणतात. तो आला की बीस्टचं ‘ऑन रेनी डेज’, हेझचं ‘यू, क्लाउड्स, रेन’ अशी गाणी दरवर्षी याद्यांत पुन्हा वर चढतात. तिकडे ते महिनाभरात आवरतं. नाशिकचा पाऊस सप्टेंबरपर्यंत रेंगाळतो. तेव्हा नियम कडक हवा: एका संध्याकाळी पावसाचं एकच गाणं. यादीत ‘अंब्रेला’ असेल तोवर तेच.

आता ‘स्प्रिंग डे’. ते या यादीत नाही, कारण ते मुळात ब्रेकअपचं गाणंच नाही. बीटीएसने ते १३ फेब्रुवारी २०१७ ला आणलं, हिवाळा सरत असताना. त्यातली ओढ दुरावलेल्या मित्राची आहे. व्हिडिओतलं ओसाड इर्योंग स्टेशन, रेल्वेगाडी, कपड्यांचा ढीग, झाडावर टांगलेले बूट यांमुळे कोरियात अनेकांनी ते २०१४ च्या सेवोल बोट दुर्घटनेत गेलेल्या शाळकरी मुलांशी जोडलं. आजही ते तिथे त्या भावनेने ऐकलं जातं. म्हणजे या गाण्यात तुमच्या दोघांपेक्षा खूप जास्त माणसं आहेत. ते त्याच्या नावावर करून देऊ नकोस. सहा आठवडे बाजूला ठेव. नंतर पहिल्यांदा ऐकशील ते दिवसा, घरात मैत्रिणी असताना आणि शक्यतो मंचावरच्या सादरीकरणाचा व्हिडिओ लावून, जिथे हजारो लोक एकत्र गातात. पहिल्यांदा थोडं कसंनुसं होईल. तिसऱ्या-चौथ्या वेळेपर्यंत त्या गाण्याला नव्या आठवणी चिकटू लागतात.

आईचा प्रश्नही चांगला आहे, तिला उत्तर दे. रडू शब्दांआधी आवाजामुळे येतं. पहिल्या कडव्यात नुसता पियानो, दुसऱ्यात ड्रम, मग व्हायोलिनं आणि शेवटच्या ध्रुवपदाला कित्येकदा सगळी पट्टीच वर चढते. कोरियन बॅलड असं बांधतात की तिथे गळा दाटावाच. आईला ‘यू वेअर ब्यूटिफुल’ ऐकव आणि त्याचा अर्थ तुझ्या शब्दांत सांग. घरात कुणाला तरी कळलं की रात्रीचं ओझं अर्धं होतं.

लिंक पाठवू नकोस. इम छांग-जंगचं ‘सोजू हान जान’ हे २००३ चं गाणं तुला ठाऊक असेल; दारू पोटात गेल्यावर जुन्या प्रेयसीला फोन लावणाऱ्या माणसाचं. कोरियात वीस वर्षांनंतरही लोक ते कराओकेच्या खोल्यांत जीव तोडून गातात, कारण तो फोन आपण करायचा नसतो हे प्रत्येकाला माहीत असतं आणि गाणं तो आपल्या वतीने करून देतं. लिंक म्हणजे तोच फोन. तू ‘१२:३०’ पाठवशील ते "मला समजलं" या अर्थाने; तो ते "ही अजून थांबली आहे" असं वाचेल. किंवा वाचून काहीच उत्तर देणार नाही आणि मग तू दोन निळ्या टिकांकडे रात्रभर बघत बसशील. पाठवायची ऊर्मी आली की गाण्याचं नाव आणि एक ओळ नोट्समध्ये लिही, वेळ टाक, दुसऱ्या दिवशी सकाळी अकरानंतर वाच. स्टेटसलाही हाच नियम. स्टेटस त्याच्यासाठीच असतं हे तुला माहीत आहे. तुमच्या ओळखीचा तो ग्रुप तूर्त म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाक. सोडायचा की नाही ते दिवाळीनंतर ठरव.

यादी, चालणं हे सगळं करूनही दोन-तीन आठवड्यांत झोप आणि जेवण रुळावर आलं नाही, मुलाखतींना जाववत नसेल, किंवा जगणंच नको असा विचार एकदाही आला, तर गाण्यांवर विसंबू नकोस. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक चोवीस तास चालतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. मनात तसा विचार असेल तर त्याच दिवशी फोन कर आणि घरात कुणाला तरी सांग.

हाताला काम हवं असेल तर ‘डोन्ट वॉना क्राय’चं ध्रुवपद नाचायला शिक. यूट्यूबवर डान्स प्रॅक्टिसचा आरशासारखा उलटवलेला व्हिडिओ शोध, वेग ०.७५ कर आणि दिवसाला एकच एट-काउंट (आठ मोजांचा तुकडा) घे. आधी फक्त पाय, ते बसले की हात. तेरा जणांची रचना एकटीने जमणार नाही, म्हणून एकच सदस्य निवड आणि शेवटपर्यंत त्याच्याच मागे राहा. मध्ये सदस्य बदलला की जागा बदलतात आणि सगळं विस्कटतं. गायचं असेल तर पट्टी दोन-तीन सूर खाली घे. हे बॅलड वरच्या पट्टीत असतात आणि मूळ पट्टीत गळा ताणला की दुसऱ्या दिवशी आवाज बसतो.

राहिली फोटोकार्डं. विकू नकोस, फाडूही नकोस, निदान सहा महिने. आज विकलीस तर किंमत पडेल ती घेशील आणि त्यातलं एखादं कार्ड तुला त्या मुलापेक्षा आधीपासून प्रिय होतं हे नंतर आठवेल. त्याने दिलेली कार्डं बाइंडरमधून (कार्डं ठेवायच्या कप्प्यांच्या वहीतून) काढ. रिकामे झालेले कप्पे तसेच ठेवू नकोस, तुझी स्वतःची कार्डं सरकवून पानं भर, नाहीतर बाइंडर उघडला की त्या जागाच दिसतील. काढलेली कार्डं ५५ बाय ८५ मिलिमीटरची असतात. प्रत्येकाला मऊ प्लास्टिकचं स्लीव्ह घाल, वर एक कडक आवरण, मग झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह ठेव. पावसाळ्यात नुसत्या पाकिटात ठेवलेली कार्डं वाकतात आणि एकमेकांना चिकटतात. डबा स्वतःकडे नको, मैत्रिणीकडे दे. त्याची एखादी वस्तू, लाइटस्टिक (चाहते कार्यक्रमात हलवतात तो दिवा) किंवा अल्बम, तुझ्याकडे असेल तर तीही तिच्याच हाती एका खेपेत पोचती कर. सोबत चिठ्ठी नको. लाइटस्टिकमधल्या बॅटऱ्या मात्र काढून दे. महिनोन्‌महिने आत राहिल्या की गळतात आणि संपर्काच्या पट्ट्या गंजतात.

– तुझे ताई-दादा